विहिरीचे नाव

'बएर लहाय रोई' हे तौरातच्या उत्पत्ती ग्रंथातले एका वाळवंटी विहिरीचे नाव. हिब्रू न येताही आम्हाला ते परके वाटत नाही. बएर म्हणजे अरबीतला बीर, हाय म्हणजे हय्य आणि 'रोई'त रुयते-हिलालमधलाच धातू. मला पाहणाऱ्या चिरंजीवाची विहीर!

मालकिणीच्या जाचाने पळालेल्या गरोदर बीबी हाजरांनी अल्लाहला 'पाहणारा' म्हटले, त्यावरून हे नाव पडले. पण फरिश्त्याने त्यांना परत मालकिणीकडेच धाडले. मग नुसत्या पाहण्याने दासीला काय मिळाले? सफा-मरवात हाजी त्यांच्याच पावलांवर धावतात. त्या दासीपणाविषयी आम्ही मात्र क्वचितच बोलतो.

पुढे मालकिणीचे पुत्र, हजरत इसहाक, याच विहिरीजवळ राहिले. विहिरीचे नाव तेच होते.