नोंदवणारे यंत्र, ठरवणारे यंत्र

मौदा येथील एनटीपीसीच्या वीजनिर्मिती केंद्रात ५०० मेगावॉटचे दोन आणि ६६० मेगावॉटचे दोन संच आहेत. त्यातला एक बंद पडला तर ग्रिडला ते तत्काळ कळते. औषधातला दोष असा कळत नाही. रुग्णाला गोळी पाहून काहीच समजत नाही आणि प्रयोगशाळेत तपासलेली गोळी तपासणीतच संपते. उरलेल्या बॅचची खात्री द्यायची ती मुख्यतः ती कशी बनली या नोंदीवरून. त्यामुळे औषध कारखान्यात नोंद हा उत्पादनाचाच भाग ठरतो.

कागद गेला की खोटी नोंदही जाईल, असा दावा संगणकप्रणाली विकणारे करतात. तो टिकत नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामकाने भारतीय कारखान्यांना दिलेल्या इशारापत्रांत एचपीएलसी या प्रयोगशाळा-चाचणीचे नकोसे निकाल पुसल्याचे प्रकार वारंवार आले आहेत, आणि ते संगणकावरच घडले. फरक पडतो तो ऑडिट ट्रेलने: कोणी, केव्हा, काय बदलले हे पुसता न येण्याने. अमेरिकेत १९९७पासून तसा नियम आहे. भारतात २८ डिसेंबर २०२३च्या सुधारित शेड्यूल एममध्येही, म्हणजे औषधनिर्मितीच्या नियमांत, संगणकीकृत प्रणालींचा समावेश झाला.

एआयचा प्रश्न निराळा आहे. ते नोंदवत नाही, ठरवते. मग नोंदवणाऱ्या यंत्राला दार उघडावे आणि ठरवणाऱ्याला बाहेर ठेवावे, हे सरळ वाटते. पण इंजेक्शनच्या कुप्या डोळ्यांनी तपासणारा कामगारही ठरवतच असतो, आणि थकलेल्या डोळ्यातून कण सुटतात. ठरावीक सदोष कुप्यांवर पारखलेले, नंतर न बदलणारे कॅमेऱ्याचे मॉडेल किती चुकते हे मोजता येते. जुलै २०२५मध्ये युरोपने मांडलेल्या औषधनिर्मिती नियमांच्या मसुद्यातही कळीच्या कामांसाठी असेच मॉडेल चालते; वापरताना शिकत राहणारे किंवा मजकूर रचणारे चालत नाही. म्हणजे कसोटी यंत्र ठरवते की नाही ही नव्हे. त्याची चूक आधी मोजता येते का, ही आहे.

लहान कारखान्यांनी मात्र सुरुवात याहून साध्या ठिकाणी करायला हवी. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्याची मुले उपचारांसाठी नागपूरला आली, त्यांतली अनेक वाचली नाहीत. त्यांना दिलेल्या कोल्ड्रिफ सिरपमध्ये तेच रसायन ४८.६ टक्के आढळले. हे पकडायला एआय लागत नाही. अशा औषधांत घातल्या जाणाऱ्या सॉल्व्हंटच्या प्रत्येक पिंपाचा चाचणी अहवाल मंजूर झाल्याशिवाय बॅच सुरूच होऊ न देणारे कुलूप प्रणालीत असावे, आणि ते उघडण्याचा अधिकार उत्पादन विभागाकडे नसावा.