पानातली भाजी

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान उरकले की कोकणात आणि आमच्या ठाणे जिल्ह्यातही कित्येक घरी तुळशीपाशी पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडतात आणि त्याचा कडू रस जिभेला लावतात. घरातली मुले या विधीसाठी हौसेने पुढे होतात. तोंडे वेडीवाकडी करतात, हसतात. पण नाही कोणी म्हणत नाही. हीच मुले एरवी कारल्याची फोड दिसताच पानावरून उठतात. फराळाच्या ताटात भाजी नसते, म्हणून सणाचे चार दिवस तेवढी घरात शांतता नांदते. भाऊबीज उलटली की आई आणि मूल यांचे ते जुने युद्ध पुन्हा सुरू होते.

हे युद्ध वाटते तितके क्षुल्लक नाही. मुलाच्या हितासाठी मुलाच्या इच्छेवर आपण कुठवर चालून जावे, हा प्रश्न त्या चमचाभर पालेभाजीत दडलेला असतो. तोंड मिटून घेणे हा माणसाला आयुष्यात मिळालेला पहिला नकार. लहानग्याला निजवता येते, न्हाऊ घालता येते, उचलून नेता येते. गिळायला मात्र लावता येत नाही.

मग आपण तीन वाटांनी जातो. दटावणे, लाच देणे आणि फसवणे. दटावून खाल्लेली भाजी पोटात जाते, पण तिच्याबरोबर भीतीही जाते. ‘भाजी संपव, मग लाडू’ म्हटले की भाजी ही शिक्षा आणि लाडू हे बक्षीस, हे आपणच शिकवलेले असते. तिसरी वाट मला सर्वांत वाईट वाटते. दुधी किसून थालीपिठात घालणे ही पाककला झाली. ‘यात दुधी नाही हो’ असे सांगणे हे असत्य झाले. ज्या हातावर मूल डोळे मिटून विश्वास टाकते तोच हा हात. एका दुधीसाठी तो विश्वास पणाला लावावा?

बरे, मुलाचा संशय अगदीच निराधार असतो असेही नाही. दुसऱ्या वर्षापासून पाचव्या-सहाव्यापर्यंत अनोळखी अन्नाला मुले बिचकतात. चालू लागलेल्या पोराने रानातला दिसेल तो पाला तोंडात घातला असता, तर माणसाचा वंश टिकला नसता! आमच्या मुरबाड-शहापूरकडे पावसाच्या तोंडावर शेवळे निघतात. ते नुसते खाल्ले तर घसा खाजून जीव नकोसा होतो. काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजवले म्हणजे त्याची रुचकर भाजी होते. भारंगीचा पाला उकडून त्याचे कडू पाणी टाकावे लागते. ही विद्या ठाकर-कातकऱ्यांच्या मुलांना कोणी पानावर बसवून शिकवत नाही. आजीमागून रानात हिंडता हिंडता टाकळा कोणता, कुर्डू कोणता, करटोली कोणत्या कुंपणावर चढते, हे त्यांना कळते. आपण खुडून आणलेल्याला कोण बिचकेल? शिवाय आजीही तेच खाते. शहरातला बाप मात्र स्वतःच्या ताटातली भाजी हळूच कडेला सारतो आणि मुलावर डोळे वटारतो.

‘मग मुलांना हवे ते खाऊ द्यावे काय?’ असे कोणी विचारील. अमेरिकेत क्लारा डेव्हिस या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९२० नंतरच्या दशकात दूध नुकते तुटलेल्या मुलांवर असा प्रयोग केला. पंधरा मुले, चौतीस पदार्थ. कोणी आग्रह करायचा नाही, कोणी नावे ठेवायची नाहीत. मुलांनी मनाला येईल ते खाल्ले आणि ती चांगली वाढली. स्वातंत्र्याचा हा जयजयकार ऐकून हुरळून जाण्याआधी एवढे ध्यानात घ्यावे, की १९३९ साली बाईंनी स्वतःच सांगितले: युक्ती यादीत होती. चौतिसांत साखर नव्हती, मिठाई नव्हती. निवड मुलांची, पण ताट वडिलधाऱ्यांनी मांडलेले. मला हा निवाडा पटतो. आईबापांचा अधिकार ताटापर्यंत. ताटापासून तोंडापर्यंतचे अंतर मुलाचे.

परंतु ताट मांडणे हे तरी सगळ्यांच्या हाती असते का? ज्या बाया पहाटे रानात जाऊन शेवळे आणि करटोली गोळा करतात, त्या मुरबाडच्या रस्त्याने कल्याणच्या बाजारात येऊन बसतात. तिथे आपण ‘रानभाजी पौष्टिक’ म्हणून घासाघीस करून ती घरी नेतो आणि मुलाने ती खावी म्हणून त्याच्या विनवण्या करतो. भाजी विकून आलेल्या पैशांत तेलमीठ घ्यायचे असते. उरलेल्या दोन पैशांत त्या बाया घरच्या लेकरांसाठी बिस्किटाचा पुडा किंवा रंगीत कुरकुऱ्यांची पिशवी नेतात. गावोगावच्या दुकानांच्या दारांत त्यांच्या माळाच लटकत असतात. त्या आईलाही आपल्या मुलाच्या खाण्याची काळजी असतेच. अंगणवाडीत आणि शाळेत शिजवलेले अन्न मिळते, काही शाळांतून परसबागाही झाल्या आहेत, ही चांगली गोष्ट आहे. पण रानातली सगळी करटोली आपल्या पिशवीत पडली, तर तिच्या पोराने ‘नको’ म्हणायचे तरी कशाला?