ओल

॥ श्री गणेशाय नमः ॥

भाविकहो, गणेशोत्सवाच्या या स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत असे कार्यकारिणीने सुचवले, तेव्हा प्रथम संकोच वाटला. मी कीर्तनकार नाही आणि शास्त्रीही नाही. परंतु दोन वर्षांपूर्वी आमच्या अंगणात मला एक दृष्टान्त सापडला. तो आपणांपुढे ठेवतो.

आम्ही डॅलसच्या उत्तरेकडील एका उपनगरात राहतो. त्या उन्हाळ्यात पाण्याचे बिल थोडे वाढले. उन्हाळा आहे, स्प्रिंकलर चालू आहे, असे म्हणून भरून टाकले. पुढच्या महिन्यात आणखी थोडे वाढले. मुलगी सुटीत घरी आली होती. तिच्या अंघोळींवर ढकलले. ऑक्टोबर उजाडला, मुलगी कॉलेजला परतली, स्प्रिंकलर बंद झाला, तरी बिल उतरेना. तेव्हा सौ. म्हणाली, "अहो, दर महिन्याला नवं कारण सांगताय. एकदा मीटर तरी बघा!"

आमच्याकडे पाण्याचा मीटर रस्त्याच्या कडेला, जमिनीत पुरलेल्या पेटीत असतो. घरातल्या सगळ्या तोट्या बंद केल्या आणि झाकण उघडून टॉर्चच्या उजेडात पाहिले. तबकडीवर एक लहानसा त्रिकोण असतो. थेंबभर पाणी गेले तरी तो फिरतो. तो फिरत होता, अगदी सावकाश. दोन तासांनी पुन्हा पाहिले, आकडा पुढे सरकला होता. आता एकेक गोष्ट वगळत जायचे होते. टॉयलेटच्या टाकीत खायचा रंग टाकून पाहिला. भांड्यात रंग उतरला नाही. स्प्रिंकलरचा व्हॉल्व्ह बंद केला, त्रिकोण फिरतच होता. शेवटी घरात येणारा मेन व्हॉल्व्ह बंद केला. घरात आता एक थेंबही येत नव्हता. तरी त्रिकोण फिरत होता.

म्हणजे घर निर्दोष होते. मीटर आणि घर यांच्यामध्ये, जमिनीखाली, जिथे नजर पोचत नाही तिथे गळत होते.

प्लंबर आला तो भल्या पहाटे. रस्त्यावर वर्दळ सुरू झाली की खालचा आवाज ऐकू येत नाही, असे त्याने आदल्या दिवशीच सांगितले होते. आल्या आल्या त्याने बाहेरचे एसीचे यंत्र बंद करायला लावले. मग कानांना हेडफोन लावून, जमिनीवर एक जड मायक्रोफोन टेकवत तो पावलापावलाने अंगणातून फिरला. दाबाखालचे पाणी बारीक छिद्रातून सुटताना सूं असा आवाज करते. जिथे तो सर्वांत स्पष्ट येतो, तिथे खणायचे. मलाही त्याने ऐकवले. इतके महिने माझ्या पायाखाली तो आवाज चालू होता!

तो ज्या जागी थांबला ती जागा पाहून मी ओशाळलो. आमच्या लॉनचा तो सर्वांत हिरवागार तुकडा होता. टेक्ससच्या उन्हात शेजाऱ्यांचे गवत पिवळे पडले असताना आमचा हा कोपरा तजेलदार होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मी तो कौतुकाने दाखवत असे. खणल्यावर काळी माती चिखल होऊन वर आली. इथली ही माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि पुरलेल्या नळाला हलवत राहते. तांब्याच्या नळाला पडलेले छिद्र तांदळाच्या दाण्याएवढे होते.

आता दार्ष्टान्तिकाकडे वळू. महाभारताच्या उद्योगपर्वात विदुरनीती येते. संजय पांडवांकडून परतला आहे, त्यांचा निरोप सकाळी सभेत कळणार आहे आणि धृतराष्ट्राला झोप येत नाही. तो विदुराला बोलावून घेतो. त्या रात्री विदुर त्याला अनेक गोष्टी सांगतो, त्यांत एक पखालीची उपमा आहे. पाच इंद्रियांपैकी एकाला जरी छिद्र असले तरी माणसाची प्रज्ञा त्यातून, कातडी पखालीतून पाणी जावे तशी, निघून जाते, असा तिचा आशय आहे. विदुर पखाल फुटली असे म्हणत नाही. फुटलेली पखाल कोणालाही दिसते. छिद्र पडलेली पखाल भिश्ती खांद्यावर घेऊन चालत राहतो आणि मुक्कामाला पोचल्यावर ती हलकी का लागते याचे नवल करतो.

विदुराने हे सांगितले तेही रात्री, हे मला त्या पहाटेनंतर विशेष वाटू लागले. दिवसा दरबाराचा गलबला असतो. रात्री आतला आवाज ऐकू येतो, म्हणून तर झोप येत नाही. धृतराष्ट्राने सगळे ऐकले, पटले म्हणून सांगितले आणि शेवटी हेही कबूल केले, की दुर्योधन समोर आला की माझे मन पुन्हा फिरते. गळती कुठे आहे हे त्याला नेमके कळले होते. कुदळ मात्र त्याने उचलली नाही.

कुदळ उचलणे सोपे नसते, हे खरे. न्यूयॉर्क शहराला जवळजवळ निम्मे पाणी पुरवणारा डेलावेअर अ‍ॅक्विडक्ट हा ८५ मैलांचा बोगदा खडकाखालून जातो. जिथे तो चुनखडीच्या थरांतून जातो, तिथे त्याच्या अस्तराला तडे गेले आणि दिवसाला साडेतीन कोटी गॅलनपर्यंत पाणी वाहून जाऊ लागले. १९९० च्या दशकापासून अधिकारी त्यावर लक्ष ठेवून होते. २००३ मध्ये पाण्याखालून चालणारे एक स्वयंचलित यंत्र आत सोडून बोगद्याची छायाचित्रे घेतली. पण बोगदा बंद करावा तर शहर तहानेल! म्हणून २०१३ पासून हडसन नदीच्या तळाखालून, सुमारे ६०० फूट खोल, अडीच मैलांचा पर्यायी बोगदा खोदायला घेतला. तो खणून झाला २०१९ मध्ये. २०२४ च्या ऑक्टोबरात जोडणीसाठी मुख्य बोगदा बंद केला, तर दुष्काळ पडला आणि नोव्हेंबरात काम थांबवावे लागले.

या कथेतले मला सर्वांत लागलेले ठिकाण म्हणजे वॉवारसिंग नावाचे छोटे गाव. गळतीचे पाणी तिथल्या लोकांच्या तळघरांत शिरत होते. काही घरे शेवटी सरकारी पैशाने विकत घेण्यात आली. बोगदा न्यूयॉर्कचा, तळघर दुसऱ्याचे.

आता माझ्या तळघराविषयी सांगितले नाही, तर हे प्रवचन पोकळ ठरेल. माझा थोरला भाऊ वाईजवळ आमच्या जुन्या घरी असतो. वडील गेल्यावर दादाने पडवीतला झोपाळा विकला. मला कळले ते दुसऱ्याकडून. मी फोनवर म्हणालो, "निदान विचारायचं तरी!" तो म्हणाला, "तू तिकडे बसून हिशेब मागणार का?" भांडण एवढेच. पण दर रविवारचा फोन महिन्यावर गेला, मग दिवाळीपुरता उरला, मग व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फुलांच्या चित्राला हात जोडण्यापुरता. प्रत्येक वेळी माझ्याकडे कारण होते. कामाचा ताण. वेळेतला फरक. आणि या सगळ्याला मी स्वाभिमान म्हणत असे, त्या हिरव्या कोपऱ्यासारखाच कौतुकाने मिरवत असे. ओल मात्र पुढच्या पिढीत उतरली होती. माझ्या मुलीला तिच्या चुलतभावाचा आवाजसुद्धा ओळखता आला नसता.

प्लंबर नळ जोडून गेला, त्रिकोण थांबला आणि मी तिथेच पायरीवर बसून फोन लावला. तिकडे रात्र होत आली होती. वहिनींनी उचलला, क्षणभर थांबल्या आणि "अहो, भाऊजींचा फोन" अशी हाक त्यांनी मारली. दादा आला. "बोल," म्हणाला. मी म्हटले, "काही नाही. सहज." बराच वेळ कोणीच बोलले नाही. मग तोच म्हणाला, "झोपाळ्याची कडी झिजली होती रे. आई रोज संध्याकाळी बसायची त्यावर. पडली असती. तुला सांगायचं राहून गेलं." इतकी वर्षे! मला विचारायचे राहून गेले होते.

सगळे पूर्ववत झाले असे सांगणार नाही. अजून कधी कधी हवापाण्यापलीकडे बोलायला विषय सुचत नाही. पण रविवारचा फोन सुरू आहे, आणि मागच्या महिन्यात मुलगी आणि तिचा भाऊ आमच्याशिवाय अर्धा तास बोलले.

भाविकहो, आपला बाप्पा शूर्पकर्ण आहे, सुपासारख्या कानांचा. सूप फोलपट उडवते आणि दाणा राखते. या दहा दिवसांत आरत्या होतील, ढोल वाजतील, मोदक होतील, सगळे आनंदाने करू या. पण एखाद्या रात्री सगळे निजल्यावर समईपाशी पाच मिनिटे बसून एकेक व्हॉल्व्ह मनातल्या मनात बंद करून पाहावा. ही तक्रार बाजूला ठेवली, तो राग बाजूला ठेवला, तरी अजून काय फिरते आहे? जिथे सूं असा आवाज येईल तिथे बाप्पाचे नाव घेऊन खणावे. छिद्र बहुधा तांदळाच्या दाण्याएवढेच निघते.

तो विघ्नहर्ता आपणां सर्वांना ऐकण्याचे कान आणि खणण्याचे बळ देवो.

गणपती बाप्पा मोरया!