रुचिनिर्णयाचे प्रामाण्य

चवीविषयीचे विधान खरे किंवा खोटे ठरू शकते काय, या प्रश्नाची कसोटी फळांच्या स्वादाच्या बिअरवर विशेष चांगली लागते; कारण तिचा परीक्षक एकाच घोटाविषयी ‘हिच्यात संत्रे जाणवते’, ‘ही आपल्या प्रकाराला साजेशी आहे’ आणि ‘ही आवडली’ अशी तीन भिन्न जातींची विधाने करतो, आणि त्यांची सरमिसळ झाली की चव ही सर्वस्वी ज्याच्या त्याच्या मनाची बाब आहे, असा निष्कर्ष घाईने काढला जातो.

पहिले विधान वस्तूविषयी आहे. बेल्जियममधील हूगार्डन या गावाच्या नावाने ओळखली जाणारी आणि पिएर सेलिस यांनी 1960 च्या दशकात पुनरुज्जीवित केलेली गव्हाची बिअर संत्र्याची वाळलेली साल आणि धने घालून केली जाते. संत्र्याच्या सालीत असणारे लिनालूल हे सुगंधी द्रव्य धन्यांतही विपुल असते, त्यामुळे परीक्षकाला जाणवलेल्या संत्र्याचा काही भाग वस्तुतः धन्यांचा असू शकतो. न्यायदर्शनानुसार रस हा रसनेंद्रियाचा आणि गंध हा घ्राणेंद्रियाचा विषय होय. येथे आंबटपणा व सालीतील पांढऱ्या गराचा कडवटपणा जिभेला कळतो, पण ज्याला संत्र्याची चव म्हटले जाते ती बहुतांशी घशामागून नाकात पोहोचलेला गंध असते. दुरून चंदन पाहताच ‘हे सुगंधी आहे’ असे जे ज्ञान होते, त्याच्या उपपत्तीसाठी नैयायिकांनी ज्ञानलक्षण प्रत्यासत्ती, म्हणजे पूर्वज्ञानाच्या द्वारे घडणारा इंद्रिय आणि विषय यांचा संबंध, मानली आहे. संत्र्याच्या अनुभवातही स्मृतीचा असाच वाटा असल्याने भ्रमाला वाव राहतो. परंतु जेथे भ्रम संभवतो तेथे यथार्थ ज्ञानही संभवते, हे विसरता कामा नये.

डेव्हिड ह्यूम यांनी 1757 च्या अभिरुचीविषयक निबंधात ‘डॉन किहोटे’मधील एक कथा याच हेतूने घेतली आहे. मद्य चाखून एकाने चामड्याची आणि दुसऱ्याने लोखंडाची चव सांगितली, तेव्हा दोघांचीही थट्टा झाली. पण पिंप रिकामे होताच तळाशी चामड्याचा पट्टा बांधलेली किल्ली सापडली. कडवटपणाची संवेदनशीलता आनुवंशिकतेने माणसागणिक बदलते हे खरे असले, तरी त्यावरून संवेदनेची तीव्रता सापेक्ष ठरते, संवेदनेला कारण झालेले द्रव्य नव्हे.

दुसरे विधान मान्य संकेतावर उभे असते. अमेरिकेत 1985 साली सुरू झालेल्या ‘बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्राम’च्या पद्धतीत 50 पैकी 20 गुण चवीला, 12 गंधाला, 10 एकूण प्रभावाला, 5 तोंडातील स्पर्शसंवेदनेला आणि 3 रूपाला दिले जातात, आणि फळाच्या बिअरमध्ये फळ व मूळ बिअर यांचा मेळ बसला आहे की नाही, हे पाहिले जाते. हा मापदंड माणसांनी ठरवलेला असला तरी तो एकदा स्वीकारल्यावर, फळाने मूळ बिअरला पुरते झाकून टाकले आहे हे म्हणणे कारणे देऊन मांडता येते आणि कारणे देऊन खोडताही येते.

तिसऱ्या विधानाबाबत इमॅन्युएल कांट यांचा निर्णय ग्राह्य आहे. 1790 च्या ग्रंथात ते सांगतात की मद्य सुखद आहे असे म्हणणाऱ्याने ‘मला’ हा शब्द जोडला पाहिजे, कारण सुखदतेसाठी इतरांच्या संमतीची मागणी करता येत नाही. मात्र कांट यांची ही मर्यादा आवडीपुरतीच आहे. जिभेच्या सर्व विधानांना ती लावणे म्हणजे सवयीने सूक्ष्म झालेल्या अवधानाचे मोल नाकारणे होय.

म्हणून रुचिनिर्णयाला प्रामाण्य आहे, पण ते अंशतः आहे: घटकांविषयी ते पडताळणीने, प्रकाराविषयी युक्तिवादाने सिद्ध होते आणि आवडीविषयी ते मागूच नये. परीक्षकाने आपले प्रत्येक विधान यांपैकी कोणत्या जातीचे आहे हे आधी स्वतःला विचारावे. ज्याला हा विवेक नाही, त्याच्या गुणपत्रिकेवर त्याच्या आवडीपलीकडचे काहीच सिद्ध होत नाही.