सातबारा आणि भरतीरेषा

वाडीचा सातबारा माझ्या नावावर आहे, तरी समुद्राकडच्या टोकाला मला राहती खोली बांधता येत नाही. १९९१ च्या किनारा अधिसूचनेने आमच्या दिवेआगरसारख्या गावांत भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मज्जाव केला. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांपुरते हे अंतर ५० मीटरवर आणले. मग जमीन माझी, म्हणजे नेमकी किती माझी?

ईशावास्यावर वृत्ती लिहिणारे विनोबा आमच्याच जिल्ह्यातल्या गागोद्याचे. सगळे ईश्वराचे, आपण वाट्यापुरते वापरायचे, हा विचार देवघरात पटतो. ‘समुद्रासमोर खोली आहे का?’ असे विचारणारे पाहुणे दारात आले की जड जातो. पण १९९७ साली इथल्या एका वाडीत खणताना सोन्याचा गणपती सापडला, आणि तो साऱ्या गावाचा झाला. मातीखालचे सोने गावाचे, तर वाळूवरची मोकळी हवा माझी एकट्याची कशी?

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आले. पोफळी कमरेत मोडल्या, नारळ मुळांसकट उलटे झाले. नवी पोफळ धरायला पाच-सात वर्षे लागतात. वाडीच्या समुद्राकडच्या त्या टोकाला माणसे झोपलेली असती तर?

माझा कौल नियमाच्या बाजूने आहे, मात्र तो मोठ्या हॉटेलाला आणि कोळ्याच्या पडवीला सारखाच लागला पाहिजे. इथे जागा घ्यायला येणाऱ्यांनी सातबाऱ्याबरोबर किनारा व्यवस्थापन नकाशाही मागावा, आणि भरतीरेषा बघूनच विसार द्यावा.