‘गद्दार’ म्हणण्यापूर्वी



ऑक्टोबर २०१८ मध्ये आपल्या नागपुरात ब्राह्मोस क्षेपणास्त्राच्या कामावरील एका तरुण अभियंत्याला पाकिस्तानसाठी हेरगिरी केल्याच्या आरोपावरून अटक झाली. खटला उभा राहण्याआधीच आपण त्याला नाव देऊन मोकळे झालो : गद्दार. जून २०२४ मध्ये सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली, तेव्हा आपल्याला वाटले, आपलेच खरे होते.

पण १ डिसेंबर २०२५ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हेरगिरीच्या आरोपातून त्याला मुक्त केले. गोपनीय माहिती खाजगी लॅपटॉपवर ठेवण्याचा हलगर्जीपणा तेवढा सिद्ध झाला. त्यासाठीची तीन वर्षांची शिक्षा तो आधीच भोगून चुकला होता. आपण दिलेले नाव मात्र कोणी परत घेतले?

फ्रान्समध्येही असे घडले होते. १८९४ साली कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफस या यहुदी लष्करी अधिकाऱ्याला जर्मनीचा हेर ठरवून दूर बेटावर कैदेत धाडले. खरा हेर होता मेजर एस्तरहाझी. पुरावा सापडूनही १८९८ मध्ये तो निर्दोष सुटला. ड्रेफसला न्याय मिळाला १९०६ मध्ये. सांगायला लाज वाटते, की ड्रेफसवर तुटून पडणाऱ्यांत ‘ला क्रुआ’ हे कॅथोलिक दैनिक आघाडीवर होते. त्याने क्षमा मागितली ती १९९८ मध्ये, शंभर वर्षांनी!

उपवासकाळात आपण सुसान्नाची कथा ऐकतो. दोन प्रतिष्ठित वडीलजनांच्या शब्दावर सगळी सभा तिचा जीव घ्यायला निघाली. तरुण दानिएलाने दोघांना वेगवेगळे करून विचारले, हे कोणत्या झाडाखाली घडले? दोघांनी दोन झाडे सांगितली आणि एक निरपराध जीव वाचला.

देशाशी बेइमानी हे पापच आहे. चांदीच्या तीस नाण्यांची गोष्ट आपण जाणतो. सैन्यात किंवा आयुध निर्माणीत असलेल्या आपल्या मुलामुलींनी इंटरनेटवरची अनोळखी मैत्री आणि परदेशी नोकरीची आमिषे यांपासून जपावे. पण खोटी साक्ष देऊ नये, ही आठवी आज्ञाही देवाचीच आहे. पापनिवेदन करताना जिभेचे हे पाप आपण क्वचितच सांगतो.

या आठवड्यात आपण एवढे करू या. ऐकीव गोष्टीवरून कोणाचे नाव आपल्या तोंडून खराब झाले असेल, तर ज्यांच्यासमोर बोललो त्यांच्यासमोरच आपला शब्द मागे घेऊ या. खोट्या साक्षीवरून दोषी ठरलेला प्रभू येशू आपल्याला ते बळ देवो. आमेन.