औषध सोडणे म्हणजे तवक्कुल नव्हे

आजारी माणसाने रोज गोळी घेणे अल्लाहवरील भरवशाच्या विरुद्ध आहे काय? हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. हेदवीसारख्या किनाऱ्यावरील गावातून तज्ज्ञ डॉक्टरकडे जायचे म्हणजे चिपळूण, रत्नागिरी किंवा थेट मुंबई गाठावी लागते. मग स्टेरॉइडची गोळी सुरू करणे आणि बंद करणे, दोन्ही निर्णय घरातच उरकले जातात. कुणी शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर ती आणतो, तर कुणी रमजान लागताच एकाएकी थांबवतो.

आधी हे औषध समजून घेऊ. मूत्रपिंडांवरील दोन लहान ग्रंथींतून कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक रोज स्रवते. ते दाह शमवते आणि शरीराला ताण सोसण्याचे बळ देते. आमवात, ल्युपस अशा विकारांत संरक्षणशक्ती आपल्याच अवयवांवर उलटते, तेव्हा त्याच जातीचे औषध तिला आवरते. 1948 मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका स्त्रीला ते दिले आणि काही दिवसांतच ती चालू लागली. 1950 मध्ये या संशोधनास नोबेल पुरस्कार मिळाला. परंतु दीर्घकाळ अधिक मात्रा घेतल्यास हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते आणि जंतूंशी लढण्याची शक्ती घटते, हेही लवकरच उघड झाले.

प्रत्येक वस्तू एका प्रमाणाने निर्माण झाली आहे, अशी दिव्य कुरआनची शिकवण आहे (54:49). त्याचा प्रत्यय कोरोनाकाळात आला. 2020 मध्ये ब्रिटनमधील चाचणीत डेक्सामेथासोनमुळे व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले; ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती, त्यांना मात्र लाभ दिसला नाही. 2021 मध्ये महाराष्ट्रात काळ्या बुरशीने अनेकांची दृष्टी आणि प्राण हिरावले. अनियंत्रित मधुमेहासोबत स्टेरॉइडचा बेसुमार वापर हे त्यामागील एक मोठे कारण होते. औषध एकच, फरक प्रमाणाचा.

शरीर ही अमानत आहे. म्हणून स्वतःच्या मनाने मात्रा ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. वैद्यकाचे ज्ञान नसताना उपचार करणारा हानीस जबाबदार ठरतो, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बजावले आहे (अबू दाऊद). सांधेदुखीवर बिननावाची पुडी देणाऱ्याने आणि ती घेणाऱ्यानेही हे ध्यानात ठेवावे.

एकाएकी सोडणे हाही तितकाच मोठा अपराध ठरू शकतो. गोळी काही आठवडे चालली की शरीरातील ग्रंथी आपले काम मंदावते. औषध अचानक थांबले तर रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येतो. म्हणून मात्रा पायरीपायरीने उतरवावी लागते. रोजा राखण्याची तळमळ आदरणीयच आहे. सकाळची एकच गोळी असेल, तर डॉक्टरांच्या संमतीने ती सहरीला घेता येऊ शकते. ते शक्य नसेल, तर सूरह बकरामध्ये (2:184-185) रुग्णासाठी सवलत आहे: बरे झाल्यावर रोजे पूर्ण करावेत आणि बरे होण्याची आशा नसेल, तर आलिमांना विचारून फिदिया द्यावा. ज्याने रोजा फर्ज केला, त्यानेच ही सवलत दिली. ती स्वीकारणे हीसुद्धा आज्ञाधारकताच आहे.

उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, हा प्रेषितांचा उपदेश आपण जाणतो (तिर्मिजी). रुग्णासाठी वेळेवर गोळी घेणे हेच उंट बांधणे होय. शिफा देणारा अल्लाहच आहे. तो आपणा सर्वांना आरोग्य आणि सद्बुद्धी देवो. आमीन.